उपद्रव आणि त्याचे मूळ : यकृताच्या सिऱ्होसिसमधील औषधोपचाराचा इतिहास

१

‘उपद्रव’ हा शब्द मराठीत आज त्रास, छळ किंवा खोडी या अर्थी रूढ आहे. संस्कृत वैद्यकात मात्र त्याला निश्चित पारिभाषिक अर्थ होता. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात या शब्दाची व्याख्या आली आहे. आधी उत्पन्न झालेल्या व्याधीच्या मागून जो दुसरा व्याधी येतो आणि ज्याचे मूळ त्या पहिल्या व्याधीतच असते, तो उपद्रव होय, असा तिचा आशय आहे. या व्याख्येत दोन अटी आहेत. पहिली कालक्रमाची : उपद्रव नंतर येतो. दुसरी कार्यकारणाची : त्याचे मूळ त्याच्या स्वतःच्या ठिकाणी नसते. प्रस्तुत विवेचनाचा रोख या दुसऱ्या अटीवर आहे.

यकृतात दीर्घकाळ दाह होत राहिला, तर त्याच्या मऊ घटकांच्या जागी तंतुमय ऊतक साठते, यकृताची रचना गाठीगाठींची होते आणि त्यातून वाहणाऱ्या रक्ताला अडथळा निर्माण होतो. या अवस्थेस सिऱ्होसिस म्हणतात. मद्य, कावीळ उत्पन्न करणारे ब व क विषाणू, यकृतातील मेदसंचय ही त्याची प्रमुख कारणे आहेत. रुग्ण पुष्कळदा वर्षानुवर्षे तक्रारीवाचून राहतो. त्याला वैद्याकडे आणतात ते उपद्रव : पोटात साठणारे पाणी, अन्ननलिकेतील फुगलेल्या नीला फुटून होणारी रक्ताची उलटी, बुद्धीवर येणारी झापड आणि शेवटी मूत्रपिंडांचा संप. या चार उपद्रवांवरील औषधांचा इतिहास पाहिला असता असे दिसते की, जे डोळ्यांना दिसते ते काढून टाकण्याकडे उपचाराचा ओढा प्रथम असतो. दिसणारी गोष्ट घाईने काढली की न दिसणारी तूट उघडी पडते. आणि त्या तुटीचा शोध लागल्यावरच औषधाची योग्य मात्रा ठरते. हा क्रम एकदा नव्हे, प्रत्येक उपद्रवाच्या बाबतीत पुन्हा घडला आहे.

२

या उपद्रवांपैकी पोटातील पाण्याचा उल्लेख सर्वांत प्राचीन आहे, आणि त्याची नावेच वैद्यांनी काय पाहिले ते सांगतात. संस्कृतात त्यास ‘जलोदर’, ‘उदकोदर’ अथवा ‘दकोदर’ म्हटले आहे. म्हणजे पाण्याचे पोट. पाश्चात्य वैद्यकातील ‘असायटीस’ हे नाव ग्रीक ‘आस्कोस’ या शब्दावरून आले आहे. आस्कोस म्हणजे द्रव पदार्थ नेण्याची कातडी पिशवी. मराठीत तिला पखाल म्हणता येईल. लक्षणीय गोष्ट अशी की, चरक आणि सुश्रुत या दोहोंनीही जलोदराच्या पोटाला पाण्याने भरलेल्या ‘दृती’ची उपमा दिली आहे, आणि दृती म्हणजेही कातड्याची पखाल. हाताने हेलकावा दिला असता अशी पखाल जशी हिंदकळते, तसे ते पोट हिंदकळते. एका भाषेत ही उपमा वर्णनात राहिली, दुसरीत तिचेच रोगनाम झाले. यावरून कोणी कोणापासून उसने घेतले असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. पखाल दोन्ही समाजांच्या रोजच्या वापरातील वस्तू होती आणि रुग्णाच्या पोटावर हात ठेवणाऱ्यास दोन्हीकडे तीच आठवली, इतकेच म्हणणे सयुक्तिक होईल.

नाव पाण्याचे असल्यामुळे उपचारही पाण्याचा झाला. सुश्रुताने चिकित्सास्थानात पोटाला छिद्र पाडून पाणी काढण्याचा विधी दिला आहे. नाभीच्या खाली, डाव्या बाजूस, चार अंगुळे अंतरावर व्रीहिमुख नावाच्या शस्त्राने अंगठ्याच्या जाडीइतके खोल वेधन करावे, त्यात धातूची किंवा पिसाच्या देठाची नळी घालावी आणि दूषित पाणी वाहू द्यावे, असा तो विधी आहे. त्यापुढे एक स्पष्ट निषेध आहे : सर्व पाणी एकाच दिवशी काढू नये. तसे केल्यास तहान, ज्वर, अंग मोडून येणे, श्वास, कास, पायांची आग हे विकार होतात. आणि ज्याच्या अंगी बळ आलेले नाही, त्याचे पोट अधिकच वेगाने पुन्हा भरते. म्हणून तीन, चार, पाच अशा वाढत्या अंतराने सोळा दिवसांपर्यंत थोडेथोडे पाणी काढावे आणि रिकामे झालेले पोट लोकर, रेशीम किंवा चामडे यांनी घट्ट गुंडाळावे. त्यानंतर सहा महिने दूध किंवा मांसरस यांवर राहण्याचे पथ्य आहे. चरकानेही उदररोग्यास खारट पदार्थ आणि पाणी पिणे वर्ज्य सांगितले आहे.

या उताऱ्यांत आधुनिक शरीरक्रियाशास्त्र शोधणे अर्थात चूक होय. चरकाचा मीठवर्ज्य हा दोषांच्या कल्पनेवर आधारलेला आहे, सोडियमच्या हिशेबावर नाही. शिवाय ‘उदर’ या संज्ञेत आठ प्रकारचे निरनिराळे विकार अंतर्भूत होते, त्यांतील सर्वच यकृताचे नव्हते. तथापि निरीक्षण आणि त्याचे स्पष्टीकरण यांत भेद करणे इतिहासाच्या अभ्यासकास अवश्य आहे. ‘सर्व पाणी एका दिवशी काढू नये’ हे निरीक्षण होते, आणि अनेक रुग्णांच्या अनुभवावाचून ते लिहिले जाणे संभवत नाही.

ग्रीक परंपरेत याहून मूलगामी आक्षेप घेतला गेला. रोमन ग्रंथकार केल्सस याने नोंदविले आहे की, अलेक्झांड्रियाचा वैद्य इरॅसिस्ट्रॅटस याला पोटातील पाणी काढण्याचा उपचारच मान्य नव्हता. हा रोग यकृताचा आहे. ते अवयव बिघडलेले राहिले तर पाणी पुन्हा पुन्हा उत्पन्न होणारच. मग ते बाहेर काढून काय साधणार, असे त्याचे म्हणणे होते. सुश्रुताची मर्यादा आणि इरॅसिस्ट्रॅटसचा आक्षेप, या दोन गोष्टी पुढील सर्व इतिहासाच्या मुळाशी आहेत.

३

‘सिऱ्होसिस’ हे नाव फ्रेंच वैद्य लेनेक याने १८१९ मध्ये दिले. हृदय व फुप्फुसे यांच्या श्रवणपरीक्षेवरील आपल्या प्रसिद्ध ग्रंथातील एका तळटीपेत त्याने पिवळसर तांबूस अशा अर्थाच्या ‘किऱ्होस’ या ग्रीक शब्दापासून ते घडविले. हेही नाव डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीचेच : शवविच्छेदनात आढळलेल्या गाठींच्या रंगाचे. काठिण्य, तंतू किंवा रक्तप्रवाहाचा अडथळा यांपैकी काहीही त्यात सूचित होत नाही. एका गौण लक्षणावरून पडलेले हे नाव दोनशे वर्षे टिकले आहे.

नाव मिळाले तरी औषध मिळाले नाही. एकोणिसाव्या शतकात मूत्र वाढविण्यासाठी सागरी कांदा अर्थात स्क्विल, डिजिटॅलिस आणि कॅलोमेल हा पाऱ्याचा क्षार यांच्या गोळ्या देत. या क्षेत्रातील पहिले खरोखर प्रभावी औषध अनपेक्षित रीतीने सापडले. १९१९ च्या ऑक्टोबरात व्हिएन्ना येथील वेन्केबाख यांच्या रुग्णालयविभागात आल्फ्रेड फोगल हा वैद्यकाचा विद्यार्थी काम करीत होता. जन्मजात उपदंश असलेल्या एका मुलीस नोव्हासुरॉल हे पाऱ्याचे नवे औषध टोचण्यात आले. विभागातील परिचारिका रुग्णांचे मूत्र रोज मोजून तक्त्यावर नोंदवीत असे. औषध दिलेल्या दिवशी त्या तक्त्यातील रेघ एकाएकी उंच चढली. फोगलने ते लक्षात घेतले, सूज असलेल्या इतर रुग्णांवर औषध देऊन पाहिले आणि त्यांच्या शरीरातून लिटरांनी पाणी बाहेर पडले. पुढील सुमारे चार दशके पारायुक्त औषधे हीच सर्व प्रकारच्या सुजेवरील मुख्य मूत्रल औषधे राहिली. ती टोचावी लागत आणि मूत्रपिंडांना अपाय करीत. पाणी जाई, ते का साठते हा प्रश्न मात्र जागच्या जागी राही.

४

या प्रश्नाचे पहिले उत्तर पाण्यात नव्हे, मिठात सापडले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत रुग्णांच्या आहारातील आणि मूत्रातील सोडियमचे काटेकोर मोजमाप सुरू झाले. जलोदराचा रोगी सोडियम जवळजवळ बाहेर टाकीतच नाही, आणि पाणी केवळ त्या सोडियमच्या मागोमाग साठते, हे त्यातून सिद्ध झाले. पोटातील एक लिटर द्रवात सुमारे साडेसात ग्रॅम मिठाइतके सोडियम असते. म्हणजे दहा लिटर पाणी साठलेला रुग्ण सुमारे पाऊणशे ग्रॅम मीठ पोटात वागवीत असतो. यानंतर आहारातील सोडियम दिवसाला २ ग्रॅमपर्यंत, म्हणजे मीठ सुमारे ५ ग्रॅमपर्यंत, आणणे हा उपचाराचा पाया ठरला.

मूत्रपिंडे सोडियम का धरून ठेवतात, हा त्यापुढचा प्रश्न. १९५३ मध्ये लंडनमधील सिम्प्सन आणि टेट यांनी स्वित्झर्लंडमधील राइखश्टाइन यांच्या सहकार्याने अधिवृक्क ग्रंथीतील एक नवे संप्रेरक शुद्ध रूपात मिळविले. क्षारांवरील त्याच्या क्रियेवरून त्याला प्रथम ‘इलेक्ट्रोकॉर्टिन’ असे नाव देण्यात आले होते. रेणूतील अल्डिहाइड गटाचा उलगडा होताच ते बदलून ‘आल्डोस्टेरोन’ करण्यात आले. सिऱ्होसिसच्या जलोदरी रुग्णांत हे संप्रेरक फार वाढलेले असते. १९५७ मध्ये सर्ल या अमेरिकन कंपनीच्या प्रयोगशाळेतून त्याला विरोध करणारे स्पायरोनोलॅक्टोन पुढे आले आणि १९५९ पासून ते वापरात आले. मूत्र वाढविण्याच्या सामर्थ्याने पाहता ते सौम्य औषध आहे. १९६० नंतरच्या दशकात आलेले फ्युरोसेमाइड त्याच्यापेक्षा कितीतरी बलवान. तरीही १९८३ मध्ये बार्सिलोना येथील संशोधकांनी दोहोंची यादृच्छिक विभागणीने तुलना केली, तेव्हा फ्युरोसेमाइडचा उपयोग निम्म्याच्या आसपास रुग्णांना झाला आणि स्पायरोनोलॅक्टोनचा जवळजवळ सर्वांना. येथे बलापेक्षा स्थान महत्त्वाचे ठरले. फ्युरोसेमाइड मूत्रपिंडाच्या नलिकेत एका ठिकाणी सोडियम सोडविते. पण आल्डोस्टेरोन पुढील ठिकाणी ते पुन्हा अडवून धरते. स्पायरोनोलॅक्टोन नेमका तोच अडथळा दूर करते. आज ही दोन औषधे बहुधा १०० मिलिग्रॅमला ४० मिलिग्रॅम या प्रमाणात एकत्र दिली जातात. त्यामुळे एकाने वाढणारे पोटॅशियम दुसऱ्याने आटोक्यात राहते.

मात्रेची सीमाही याच काळात आखली गेली. १९७० मध्ये शिअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, पोटाच्या पोकळीतून रक्तात परत शोषले जाणारे पाणी दिवसाला एका ठरावीक मर्यादेपलीकडे, साधारणपणे एक लिटरच्या आतच, असते. मूत्रल औषधाने याहून अधिक पाणी काढले तर ते पोटातून येत नाही; रक्तवाहिन्यांतून जाते. पायांवर सूज असेल तर तेथील साठा ही तूट भरून काढतो. म्हणूनच पायांना सूज नसलेल्या रुग्णाचे वजन दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा आणि सूज असलेल्याचे एक किलोपेक्षा अधिक घटू देऊ नये, हा नियम रूढ झाला. पोट मोठे आहे म्हणून औषध मोठे, हा हिशेब येथे चालत नाही.

५

मूत्रल औषधांच्या या कालखंडात पोटाला छिद्र पाडून पाणी काढण्याची रीत मागे पडली. एकदम पुष्कळ पाणी काढल्यावर रक्तदाब उतरतो आणि मूत्रपिंडे बिघडतात, हा अनुभव होता. प्रथिनांचा नाश होतो ही भीतीही होती. ती पुन्हा प्रतिष्ठित झाली ती १९८० नंतर, बार्सिलोना येथील आरोयो, रोदेस, जिनेस आणि त्यांचे सहकारी यांच्या कामामुळे. १९८७ मध्ये त्यांनी दाखविले की, सुईने पाणी काढून सोबत आल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन शिरेतून दिल्यास रुग्ण मूत्रल औषधांपेक्षा लवकर आणि कमी उपद्रवांनिशी बरे होऊन घरी जातात. १९८८ मध्ये त्यांनी १०५ रुग्णांवर पुढचा प्रश्न तपासला : आल्ब्युमिन खरोखर आवश्यक आहे काय? ज्यांना ते दिले नाही, त्यांच्यात मूत्रपिंडांचा बिघाड आणि रक्तातील सोडियमची घसरण अधिक आढळली. पाणी काढल्यावर रक्तवाहिन्या सैल पडतात, परिणामकारक रक्तसाठा कमी होतो आणि त्याला उत्तर म्हणून शरीर सोडियम धरून ठेवणारी संप्रेरके अधिकच सोडते. पोट पुन्हा लवकर भरते ते यामुळे. ज्याच्या अंगी बळ आलेले नाही त्याचे पोट वेगाने भरते, असे सुश्रुताने म्हटले होते. त्या निरीक्षणाशी जुळणारी कारणमीमांसा अशी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाती आली. आज पाच लिटरपेक्षा अधिक पाणी काढले तर दर लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम आल्ब्युमिन देण्याचा प्रघात आहे.

त्याच १९८८ मध्ये श्रायर आणि इतरांनी सर्व धागे एका उपपत्तीत गोवले. सिऱ्होसिसमध्ये आतड्यांकडील रोहिणी रुंदावतात. रक्त पुरेसे असूनही ते तेथे साठून राहते आणि शरीराच्या मापकांना रोहिणी रिकाम्या भासतात. मग रक्तस्राव झाल्याप्रमाणे शरीर मीठ आणि पाणी राखू लागते. जलोदर हा अशा रीतीने पाण्याच्या आधिक्याचा नव्हे, एका आभासी दुष्काळाचा परिणाम ठरला.

आल्ब्युमिनचे दुसरे कार्य जंतुसंसर्गात दिसून आले. जलोदराच्या पाण्यात कोठलेही छिद्र किंवा जखम नसता जंतू वाढतात. १९६४ मध्ये हॅरल्ड कॉन यांनी या विकाराकडे लक्ष वेधले. प्रारंभी तो बहुधा प्राणघातक होई. सेफोटॅक्सिमसारख्या प्रतिजैविकांनी जंतू मरू लागले, तरी पुष्कळ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावत. १९९९ मध्ये स्पेनमधील १२६ रुग्णांवरील अभ्यासात प्रतिजैविकासोबत आल्ब्युमिन दिल्यावर मूत्रपिंडाचा बिघाड शेकडा ३३ वरून १० वर आणि रुग्णालयातील मृत्यू शेकडा २९ वरून १० वर आले. जंतू नष्ट करणे पुरेसे नव्हते. रक्ताभिसरणाला आधार देणेही आवश्यक होते. पण हाच आधार सरसकट देण्याचा प्रयत्न फसला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ७७७ रुग्णांच्या अभ्यासात रक्तातील आल्ब्युमिनची पातळी केवळ वाढवीत राहिल्याने कोणताही लाभ झाला नाही. पातळी हा आकडा दिसत होता, म्हणून तो दुरुस्त करण्याचा मोह झाला, असे या प्रयत्नाचे वर्णन करता येईल.

६

रक्ताच्या उलटीचा उपद्रव याहून भयंकर. यकृतातून वाट न मिळालेले रक्त अन्ननलिकेच्या नीलांतून वळते. त्या फुगतात आणि फुटतात. येथे १९५६ पासून पियूषिकेतील व्हॅसोप्रेसिन हे द्रव्य वापरात आले. ते आतड्यांकडील रोहिणी आकुंचित करते व रक्तस्राव थांबविते. परंतु हृदयाच्या आणि आतड्याच्या रोहिणीही तितक्याच आकुंचित करीत असल्याने अनेकांना त्याचा अपाय झाला. पुढे त्याच रेणूला जोड देऊन टर्लिप्रेसिन तयार करण्यात आले. ते शरीरात हळूहळू मोकळे होते आणि म्हणून अधिक सोसवते.

स्राव झाल्यावर धावण्याऐवजी तो होऊच न देणे ही कल्पना मात्र हृदयरोगाच्या औषधातून आली. जेम्स ब्लॅक यांनी १९६० नंतरच्या दशकात हृदयशूळासाठी प्रोप्रॅनोलॉल सिद्ध केले. या व अन्य औषधांच्या शोधाबद्दल १९८८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पॅरिसजवळील क्लिशी येथील बोजाँ रुग्णालयात लब्रेक आणि सहकारी यांनी असा विचार केला की, हृदयाचा आवेग कमी केला तर यकृताकडे जाणाऱ्या नीलेतील दाबही उतरेल. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ७४ रुग्ण होते. पूर्वी एकदा रक्तस्राव झालेल्या या रुग्णांपैकी प्रोप्रॅनोलॉल घेणारे शेकडा ९६ आणि औषधाविना राहिलेले शेकडा ५० रुग्ण वर्षभर पुन्हा रक्तस्रावावाचून राहिले. रक्ताच्या उलटीवर हृदयाचे औषध हा त्या काळी विचित्र वाटणारा विचार होता.

याच रुग्णालयातून २०१० मध्ये उलट सूचना आली. ज्यांचा जलोदर कोणत्याही औषधाला दाद देत नाही, अशा रुग्णांत हे औषध घेणारे कमी काळ जगतात, असे तेथील १५१ रुग्णांच्या निरीक्षणात आढळले. ज्याचे रक्ताभिसरण आधीच हृदयाच्या वाढीव श्रमावर कसेबसे तगून आहे, त्याच्या हृदयाला आवर घातल्यास तो आधारही जातो, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. या निरीक्षणावर पुढे पुष्कळ मतभेद झाले. तथापि रक्तदाब फार उतरल्यास औषध कमी करावे वा थांबवावे, ही सावधगिरी सर्वमान्य झाली. एकच औषध व्याधीच्या एका अवस्थेत रक्षक आणि दुसरीत घातक ठरू शकते, हा धडा त्याच गटाने दिला, ही गोष्ट संशोधकांच्या प्रामाणिकपणाची साक्ष होय.

७

बुद्धीवर झापड येण्याचा उपद्रव कसा उलगडला, ही कथा जलोदरापासूनच सुरू होते. १८७७ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय एक याने कुत्र्यांची यकृताकडे जाणारी नीला थेट महानीलेला जोडली. अशा जोडणीने काही प्रकारचा जलोदर बरा करता येईल काय, हे त्याला पाहावयाचे होते. पुढे १८९३ मध्ये पाव्हलोव्ह आणि सहकारी यांनी अशी जोडणी केलेली कुत्री मांस खाल्ल्यावर बेभान होतात, अडखळतात व बेशुद्ध पडतात, असे नोंदविले. पाण्यासाठी काढलेल्या वाटेने आतड्यातील विष मेंदूकडे गेले.

१९५२ मध्ये बॉस्टनमध्ये हाच अनुभव मानवी रुग्णांत आला. जलोदराच्या रुग्णांना आतड्यातील सोडियम शोषून घेणारी रेझिने दिली जात. काही रेझिने सोडियमच्या बदल्यात अमोनियम सोडीत. आणि ती घेणारे रुग्ण गोंधळू लागले, त्यांचे हात थरथरू लागले. औषध थांबविताच ते सावरले. एका उपद्रवावरचा उपाय दुसऱ्या उपद्रवाचे कारण झाला होता. पण त्या अपघातातूनच अमोनियाची भूमिका स्पष्ट झाली. १९५४ मध्ये लंडनच्या शीला शेरलॉक आणि सहकारी यांनी आतड्यातील नायट्रोजनयुक्त द्रव्ये यकृताला वळसा घालून मेंदूपर्यंत जातात, अशी या विकाराची मांडणी केली. त्यानंतर आतड्यातील जंतूंना मारणारे निओमायसिन आले. ते दीर्घकाळ दिल्यास कान आणि मूत्रपिंडे यांना अपाय होतो.

१९६६ मध्ये स्वित्झर्लंडमधील बिर्खर आणि सहकारी यांनी लॅक्ट्युलोज वापरले. दुधातील शर्करेपासून बनविलेली ही कृत्रिम शर्करा लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यातील जंतू तिचे आम्ल करतात, त्यामुळे अमोनिया रक्तात न जाता तेथेच अडकतो आणि मलावाटे बाहेर पडतो. दिवसाला दोन-तीन मऊ शौच होतील एवढीच मात्रा हवी. अधिक दिल्यास जुलाबाने शरीर सुकते आणि तीच झापड परत येते. एकदा शुद्धीवर आलेल्या रुग्णाने हे औषध पुढे चालू ठेवावे काय, या प्रश्नाचा निर्णय दिल्लीत झाला. गोविंद बल्लभ पंत रुग्णालयातील शर्मा आणि सहकारी यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लॅक्ट्युलोज घेणाऱ्यांपैकी सुमारे शेकडा २० आणि न घेणाऱ्यांपैकी सुमारे शेकडा ४७ रुग्णांना पुन्हा झटका आला. २०१० मध्ये रिफॅक्सिमिन या आतड्यातच राहणाऱ्या प्रतिजैविकाची त्यात भर पडली. २९९ रुग्णांवरील अभ्यासात सहा महिन्यांतील झटक्यांचे प्रमाण शेकडा ४६ वरून २२ वर आले. या सर्व काळात रुग्णांचे प्रथिन तोडण्याची जी रीत रूढ होती, ती मात्र टिकली नाही. मांसपेशी झिजलेल्या रुग्णास उपाशी ठेवल्याने त्याची हानीच होते, असे दिसून आले. कारण अमोनिया जिरविण्याचे काम यकृताखालोखाल त्या पेशीच करतात.

चौथा उपद्रव मूत्रपिंडांचा. येथे दोष मूत्रपिंडात नाहीच, हे १९६९ मध्ये निःसंदिग्ध रीतीने सिद्ध झाले. अशा रीतीने मूत्रपिंडे निकामी होऊन मरण पावलेल्यांची मूत्रपिंडे दुसऱ्यांच्या शरीरात बसविली असता ती काम करू लागली. म्हणून औषध मूत्रपिंडासाठी नव्हे, रुंदावलेल्या रोहिणींसाठी हवे. आणि ते म्हणजे टर्लिप्रेसिन व आल्ब्युमिन. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील ३०० रुग्णांच्या अभ्यासात टर्लिप्रेसिनने मूत्रपिंडे सुधारण्याचे प्रमाण शेकडा १७ ऐवजी ३२ झाले. परंतु श्वसनाच्या विकारांनी होणारे मृत्यू शेकडा २ ऐवजी ११ झाले. २०२२ मध्ये अमेरिकेत त्यास अनुमती मिळाली ती स्पष्ट इशाऱ्यासह. येथेही लाभ आणि हानी यांतील अंतर मात्रेचे आणि रुग्णाच्या निवडीचे आहे.

८

या औषधांची यादी पाहिली असता त्यांतील बहुतेकांचा जन्म अन्यत्र झाला, हे उघड होते. नोव्हासुरॉल उपदंशाचे, प्रोप्रॅनोलॉल हृदयशूळाचे. आल्ब्युमिन महायुद्धातील जखमींसाठी रक्तद्रवापासून वेगळे केलेले. त्यांपैकी एकही यकृत बरे करीत नाही. इरॅसिस्ट्रॅटसने विचारलेला प्रश्न त्यामुळे दीर्घकाळ निरुत्तर राहिला : मूळ तसेच असता उपद्रव शमवून काय साधते? या प्रश्नाचे पहिले उत्तर शस्त्रक्रियेने, १९६० नंतरच्या दशकात सुरू झालेल्या यकृतरोपणाने दिले. आणि या औषधांनी टिकवून धरलेला काळ नसता तर रोपणापर्यंत पुष्कळ रुग्ण पोहोचलेच नसते. दुसरे उत्तर कारणांच्या उपचाराने दिले. २०१३ नंतर क विषाणू गोळ्यांनी समूळ नष्ट करणे बहुतेक रुग्णांत शक्य झाले. ब विषाणू दडपता येऊ लागला. आणि मद्य पूर्णपणे सोडलेल्यांची यकृते सुधारतात हे पूर्वीपासून ठाऊक होते. २०१९ मधील स्पेनमधील अभ्यासाने तर असे सुचविले की, उपद्रव उद्भवण्यापूर्वीच प्रोप्रॅनोलॉलच्या वर्गातील औषधे दिल्यास जलोदराचे आगमनच लांबविता येते.

या बदलाची नोंद भाषेतही झाली आहे. उपद्रव नसलेल्या सिऱ्होसिसला ‘कॉम्पेन्सेटेड’ आणि उपद्रव असलेल्याला ‘डीकॉम्पेन्सेटेड’ म्हणण्याची रीत जुनी आहे. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ दोन वजने तोलून पाहणे असा. मराठीत हानीची भरपाई होणे आणि न होणे असे म्हणता येईल. ही वाट एकाच दिशेची मानली जात असे. इटलीतील बावेनो येथील परिषदांच्या मालिकेतील सातव्या परिषदेने २०२१ मध्ये या जोडीला तिसरा शब्द दिला : ‘रीकॉम्पेन्सेशन’, म्हणजे भरपाईची पुनःस्थापना. त्याची व्याख्या अभ्यासकांनी बारकाईने पाहण्याजोगी आहे. मूळ कारण दूर झालेले किंवा दडपलेले असावे. यकृताचे कार्य सुधारलेले असावे. बारा महिने रक्तस्राव झालेला नसावा. आणि जलोदर व झापड ही दोन्ही औषध बंद केल्यावरही परतलेली नसावीत.

या शेवटच्या अटीत संपूर्ण इतिहासाचे सार आले आहे. औषधाने पोट उतरले म्हणजे रुग्ण बरा झाला, असे ही व्याख्या मानीत नाही. औषध काढून घेतल्यावर पोट भरत नसेल तरच ती ते मान्य करते. उपद्रवाचे मूळ मूळ व्याधीतच असते, असे सुश्रुतसंहितेतील व्याख्येने सांगितले होते. त्या मुळापर्यंत औषध पोहोचले की नाही हे ठरविण्याची कसोटी वैद्यकाला आता उपलब्ध झाली आहे. ज्यांच्या बाबतीत मूळ अद्याप हाती लागत नाही, अशा रुग्णांची संख्या मात्र आजही मोठी आहे. आणि त्यांच्यासाठी पाणी थोडेथोडे काढण्याची, वजन रोज पाहण्याची व मात्रा आवरण्याची जुनी शिस्त हाच उपचाराचा आधार राहिला आहे.